पावसाळ्याआधीचे टायर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेले की, मी एका सकाळी गाडी अंगणातल्या सपाट फरशीवर उभी करते, पोते अंथरून खाली बसते आणि स्टेपनीसह पाचही टायर हाताने तपासते. पेनाच्या आकाराचे एक खोलीमापक माझ्याकडे आहे. त्याची बारीक पट्टी नक्षीच्या खाचेत टेकवली की खाच किती मिलिमीटर उरली आहे ते कळते. प्रत्येक टायरवर बाहेरच्या कडेला, मधोमध आणि आतल्या कडेला अशी तीन मापे घेऊन मी ती गाडीच्या वहीत लिहून ठेवते. या वर्षी पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड ४ मिलिमीटर आणि आतली ५.५ मिलिमीटर भरली, म्हणजे अलाइनमेंट, चाकांची सरळ रेष, बिघडलेली होती. खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने उकरून काढताना एका खड्याखाली रबराला गेलेली चीर दिसली. ती वरवरची आहे, आतल्या तारांपर्यंत पोहोचलेली नाही, याची खात्री होईपर्यंत मी तिथून उठले नाही.

मी पशुवैद्यक आहे. आजरा आणि चंदगड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर गेली अनेक वर्षे माझी फिरती आहे, आणि या फिरतीत माझ्याकडे असलेली बोलेरो हेच माझे निम्मे इस्पितळ आहे. रात्री-अपरात्री फोन येतो की म्हैस अडली आहे, आणि मग डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढचे दोन-तीन किलोमीटर धनगरवाड्यापर्यंत कसे जायचे हा प्रश्न औषधांच्या पेटीइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. त्यामुळे कच्च्या रस्त्यावर चालणारे टायर हा माझ्या दृष्टीने हौसेचा विषय कधीच नव्हता. तरीही मी २०१७ साली टायर निवडताना मोठी चूक केली, आणि ती चूक नेमकी कशात होती हे समजायला मला दीड वर्ष लागले.

त्या वर्षी माझे चारही टायर नक्षी झिजून गोटा झाले होते. आधीच्या पावसाळ्यात मी दोन वेळा चिखलात रुतले होते आणि एकदा तर बैलजोडी लावून गाडी बाहेर काढावी लागली होती, म्हणून या वेळी सर्वांत दांडगे टायर घ्यायचे असे मी मनाशी ठरवूनच दुकानात गेले. मोठमोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये बोट मावेल एवढ्या खोल खाचा आणि बाजूच्या भिंतीपर्यंत उतरलेली नक्षी असलेले ते टायर होते; चिखलासाठी बनवलेल्या या प्रकाराला बाजारात एमटी म्हणतात. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी चिखलातले आपले काम चोख केले. जिथे पूर्वी गाडी गुरगुरत जागेवरच फिरायची तिथून ती सरळ वर चढली, आणि मी समाधानी होते.

दुसऱ्या पावसाळ्यात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी संध्याकाळी आंबोली घाट उतरत होते. पाऊस नुकताच लागला होता. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींबरोबर वर येते, आणि त्या दिवसांत डांबर जेवढे निसरडे असते तेवढे ते भर जुलैतही नसते, कारण तोवर पावसाने रस्ता धुऊन निघालेला असतो. माझा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. वळणापुढे एक एसटी थांबलेली दिसली, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. माझ्या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. चाके जाम झाली आणि गाडी तशीच, जवळजवळ आवाज न करता, घसरत राहिली. ब्रेक सोडून पुन्हा दाबण्याचे भान राहिले म्हणून मी कठड्याच्या बाजूला वळू शकले आणि कठड्याच्या हातभर अलीकडे गाडी उभी राहिली. कोणालाही काही झाले नाही. पण त्यानंतर कितीतरी वेळ माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले आणि घडलेले सगळे सांगितले. त्यांनी टायरकडे पाहिले, टायर बुडवून तपासायच्या टाकीत हात ओला केला आणि फरशीवर आधी पसरलेला पंजा आणि मग नुसत्या पाच बोटांची टोके टेकवून दाखवली. "डॉक्टरीणबाई, ह्यो टायर चिखलाचा हाय. डांबरावर ह्याचं निम्मं अंग हवेतच ऱ्हातंय," असे ते म्हणाले. पुढे मी या विषयावर पुष्कळ वाचले, परंतु मामांच्या त्या दोन वाक्यांत जे होते त्यापेक्षा वेगळे मूलभूत असे मला काही सापडले नाही.

टायरचा प्रत्येक प्रकार म्हणजे रबर आणि रिकामी जागा यांची एक वाटणी असते. रस्त्यासाठी बनवलेल्या एचटी टायरमध्ये रबर जास्त आणि रिकामी जागा कमी असते. त्याच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात आणि ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ थर त्या चिरांच्या कडा कापतात. एमटीमध्ये रिकामी जागा भरपूर असते, कारण चिखल तिच्यात शिरून चाक फिरताना बाहेर फेकला गेला पाहिजे. मात्र बारीक चिरा तिथे कमी असतात, ठोकळे उंच असल्याने डांबरावर ते थोडे लवलवतात, आणि वळताना व थांबताना रस्त्याला टेकणारे रबरच कमी पडते. या दोहोंच्या मध्ये एटी टायर येतो. त्याचे ठोकळे एचटीपेक्षा मोठे आणि खाचा अधिक खोल असतात, पण चिरा कायम ठेवलेल्या असतात. सगळीकडे थोडी तडजोड करणारा हा टायर आहे, आणि त्यातही सौम्य एटी व दांडगा एटी असे दोन टोकांचे नमुने मिळतात. नुसते एटी हे दोन अक्षरी नाव वाचून टायर घेऊ नये, ठोकळ्यांवरच्या चिरा मोजाव्यात, असे मी आता सर्वांना सांगते.

माती हा या विषयातला असा भाग आहे की ज्याबद्दल टायरच्या माहितीपत्रकात अवाक्षरही नसते. आमच्या तालुक्यांचा पश्चिमेकडचा भाग जांभ्याचा आहे. जांभ्यावरचा तांबडा चिखल पातळ असतो, त्याच्याखाली दोन-तीन इंचांवर कठीण दगड असतो, आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पावसाळ्यात शेवाळ धरते. इथे चाक रुतत नाही, ते घसरते. म्हणून इथे कामाला येतात त्या कडा आणि चिरा. खोल खाचांचा इथे फारसा उपयोग होत नाही. पूर्वेला गडहिंग्लजच्या पुढे उतरत गेले की काळी माती सुरू होते. ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरला अशी लपेटून बसते की दहा-वीस फुटांत एटीच्या सगळ्या खाचा लिंपून जातात आणि त्या टायरमध्ये व गोटा टायरमध्ये काही फरक उरत नाही. भर पावसाळ्यात काळ्या रानात रोज जावे लागणाऱ्या माणसाला एमटीची गरज खरोखरच असते, आणि त्याने तो घ्यावा, हे मी मनापासून मान्य करते. त्यातही गाडी चारही चाकांना जोर देणारी नसेल तर टायर कितीही दांडगा असला तरी जोर मागच्या दोन चाकांवरच राहतो. माझी गाडी अशीच दोन चाकांवर चालणारी आहे.

त्या घटनेनंतर तीन महिने मी वहीत रोज तीन आकडे लिहिले: डांबरावर किती किलोमीटर, खडीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर किती, आणि खऱ्या चिखलात किती. मला स्वतःबद्दल असे वाटत होते की माझा निम्मा प्रवास तरी कच्चा असेल. भर पावसाळ्यात लिहिलेल्या त्या वहीत शंभर किलोमीटरांमागे ८६ किलोमीटर डांबर, ११ किलोमीटर मुरूम आणि अवघे ३ किलोमीटर चिखल निघाला. रुतल्याच्या आठवणी ठळक असतात आणि सुखरूप कापलेले डांबर आठवणीत राहतच नाही, हे मला तेव्हा कळले. त्या ३ किलोमीटरांसाठी मी ८६ किलोमीटरांवरची पकड घालवून बसले होते. त्या पावसाळ्यात मी घाटात ताशी ३० च्या वर गेले नाही, आणि दिवाळीत ते चारही टायर उतरवून काळ्या रानात जीप चालवणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिले. त्यांच्याकडे ते योग्य जागी गेले.

पैशांचा हिशेब मी त्यानंतर मांडला. दांडगे टायर जड असतात आणि त्यांना फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. माझ्या गाडीचे लिटरमागचे सरासरी अंतर १४.५ किलोमीटरवरून १३ वर आले होते, आणि त्या टायरांवर मी सुमारे ३०,००० किलोमीटर चालवले होते. म्हणजे जवळपास २४० लिटर डिझेल जादा जळले. त्या वेळचा भाव ६५ ते ७० रुपये धरला तरी सोळा हजार रुपये झाले. दुकानातल्या पावतीवर हा आकडा कुठेच नव्हता. टायर स्वस्त पडला की महाग, हे किंमत भागिले चाललेले किलोमीटर आणि त्यात डिझेलचा फरक मिळवूनच ठरवायला हवे.

परवडण्याच्या प्रश्नाला आणखीही बाजू आहेत. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरच्या देशांत बनलेले एटी टायर मिळणे अवघड आणि महाग झाले. मात्र आपल्याकडेच बनणारे पर्याय आता हाताशी आहेत: एमआरएफचा वाँडरर, अपोलोचा अ‍ॅप्टेरा, सिएटचा झार, जेकेचा रेंजर. यांपैकी अमुकच घ्या असे मी म्हणणार नाही, कारण एकाच नावाखाली एचटी आणि एटी असे दोन्ही नमुने असू शकतात आणि एकच नमुना सर्व मापांत मिळेल असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही माझ्यासारख्यांना मोठी सवलत वाटली. २०२२ साली सरकारने एआयएस-१४२ हे निकष अधिसूचित केले. त्यांत टायरला फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तीन गोष्टी तपासल्या जातात. दुकानदाराला ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारणारी गिऱ्हाइके वाढायला हवीत, असे मला फार वाटते. आजही बहुतेक लोक किती हजार किलोमीटर चालेल एवढेच विचारतात.

त्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला जागा देताना माझे डावे चाक साइडपट्टीवरून खाली गेले आणि डांबराच्या धारदार कडेने टायरची बाजूची भिंत चिरली. नक्षीतले पंक्चर काढता येते, भिंतीतली चीर काढता येत नाही. जवळच्या गावातल्या एका दुकानात त्याच मापाची जोडी चांगल्या सवलतीत मिळत होती. बसवण्याआधी मी टायरवर कोरलेली तारीख शोधू लागले. चार आकड्यांतले पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. समोरच्या बाजूला ते आकडे नव्हतेच. पुष्कळ टायरांवर ते एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला बसवली की नंतर पाहण्यासाठी गाडीखाली शिरावे लागते. मी टायर उलटा करायला सांगितला. आकडे होते ३८१७, म्हणजे २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. पत्र्याच्या छपराखाली साडेचार-पाच उन्हाळे काढलेले ते रबर होते. नखाने दाबून पाहिले तर नव्या टायरला जो किंचित लवचिकपणा असतो तो नव्हता, आणि खाचांच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा धरू लागल्या होत्या. नक्षी पूर्ण, वास नवा, आणि तरीही ओल्या डांबरावर या टायरने दगा दिला असता. मी ते घेतले नाहीत. सवलत का दिली जाते आहे, हे विचारायची मला त्या दिवसापासून सवय लागली.

मापाबद्दल थोडक्यात सांगते. माझ्या गाडीचे माप २१५/७५ आर १५ आहे, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि डिस्क १५ इंचांची. बोलेरोवाले पुष्कळदा २३५/७५ बसवतात. त्याने चाकाचा व्यास साधारण ३० मिलिमीटरने वाढतो, गाडी दीड सेंटिमीटर उचलली जाते आणि दिसायला ती भारदस्त दिसते. पण मीटर ८० दाखवत असताना खरा वेग ८३ च्या पुढे असतो, ब्रेकवर ताण वाढतो आणि मूळ मापाची स्टेपनी चारांशी जुळत नाही. मापाच्या पुढे लिहिलेले १००एस हे अक्षर-आकडेही वाचावेत: त्यांतले १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो भार चालतो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची मर्यादा. पिकअपमधून माल नेणाऱ्यांनी भाराचा आकडा गाडीला नेमून दिलेल्यापेक्षा खाली कधीही उतरू देऊ नये. वेगाची मर्यादा आपल्या रस्त्यांवर कोणी गाठत नाही, पण पाठीवर दीड टन काजू किंवा खत घेऊन मे महिन्यात घाट चढणारी पिकअप भाराची मर्यादा रोज गाठते.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो आणि त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे. ऑल-सीझन हा शब्द मी प्रथम त्याच्याकडून ऐकला. तिथे सर्व ऋतू म्हणजे उन्हाळा, पाऊस आणि हलके बर्फ. साध्या उन्हाळी टायरचे रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते, म्हणून ऑल-सीझन टायरच्या रबराचे मिश्रण वेगळे असते, आणि खऱ्या बर्फात चालणाऱ्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह कोरलेले असते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात नक्षी किमान तीन-सोळांश इंच, म्हणजे जवळपास पावणेपाच मिलिमीटर, असावी लागते. आपल्या नियमांत ती मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, आणि टायरच्या खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज आली की ती गाठली असे समजतात. आमच्याकडे बर्फ नाही. पण आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि १.६ मिलिमीटरची खाच तेवढे पाणी बाजूला सारू शकत नाही. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे: जूनच्या आधी नक्षी ३.५ मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदलायचा, मग तो उन्हाळाभर आणखी चालला असता तरीही. आमच्या सर्व ऋतूंत त्याच्यासारखी थंडी नाही, पण मे महिन्यातले तापलेले डांबर आणि जुलैतले पाणी एकाच टायरने सोसावे लागते, आणि नाव तेच असले तरी त्याचा ऑल-सीझन आणि माझा ऑल-सीझन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हवेचा तर खर्चही नसतो, आणि तरी तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मे महिन्यातल्या दुपारी भरलेली हवा जूनमधल्या थंड सकाळी कमी भरते. तापमान दहा अंश उतरले की दाब दीड पीएसआयच्या (हवा मोजायच्या मापाच्या) आसपास उतरतो. मी हवा नेहमी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरते. चिखलाचा किंवा सड्याचा शेवटचा टप्पा आला की मी खाली उतरून चारही टायरांतली हवा २२ पर्यंत सोडते, टायर थोडा बसतो, टेकणारा भाग लांब होतो, आणि सौम्य एटीसुद्धा मग अशा जागी चढतो की जिथे मला पूर्वी एमटीशिवाय पर्याय नाही असे वाटत होते. परत डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप सीटखाली ठेवला आहे. भर पावसात दहा-बारा मिनिटे पंपाजवळ उभे राहायचा कंटाळा येतो, पण कमी हवेवर घाट उतरण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी दोनच टायर नवे घेतले, कारण चारांचे पैसे एकदम काढणे शक्य नव्हते. टायर बसवणारा मुलगा ते सवयीने पुढे लावू लागला. मी त्याला थांबवले आणि मागे लावायला सांगितले. "मॅडम, सगळे पुढेच लावतात," तो म्हणाला. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा हाताशी येते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि घाटात फिरायला जागा नसते, हे मी त्याला हाताने गाडी दाखवून समजावले. त्याने जॅक मागे नेला. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत मात्र अशी दोन नवी, दोन जुनी जोडी लावू नये, व्यासातला फरक आतल्या दातेऱ्यांवर येतो, हेही मी त्याला सांगितले, कारण त्याच्याकडे अशा थार गाड्या असणारेही येतात.

या वर्षी वळवाच्या सरींनंतर पावसाळ्याचा पहिला पाऊस ३० मेला रात्री झाला. सकाळी साडेसहाला मी गाडी काढली आणि आमच्या गावाबाहेरच्या सरळ पट्ट्यावर आले. मागेपुढे कोणी नव्हते. वेग ४० वर नेला आणि ब्रेक दाबला. गाडी किंचित पुढे झुकली आणि रेषा न सोडता उभी राहिली. खाली उतरून मागे पाहिले. ओल्या डांबरावर चारही चाकांच्या पट्ट्या क्षणभर कोरड्या दिसत होत्या, त्यांत ठोकळ्यांचे ठसे आणि ठशांत बारीक चिरांच्या रेषाही ओळखता येत होत्या. मग भुरभुर पावसाने त्या हळूहळू पुसल्या. मी वहीत तारीख आणि पावलांनी मोजलेले अंतर लिहिले, आणि किटवड्याच्या बाजूला एक कालवड पाहायची होती तिकडे निघाले.